रंग उडालेली लेदर सीट घरी पुन्हा रंगवताना

सीटचा रंग उडाला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तीन गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. वर घाम, तेल आणि धुळीचा मेणचट थर असतो. त्याखाली घासून पातळ झालेला रंगाचा पापुद्रा असतो. आणि जिथे तो पापुद्रा साफ निघून गेला आहे, तिथे उघडं पडलेलं कोरडं चामडं दिसतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. घरी केलेलं काम फसतं ते बहुधा तिन्हींवर एकच बाटली ओतल्यामुळे.

इथे सांगितलेलं काम बेज रंगाच्या दोन पुढच्या सीटचं आहे. ड्रायव्हरच्या सीटचा दाराकडचा उंचवटा चढता-उतरता घासून पांढुरका झाला होता, मांडीखालच्या भागावर बारीक भेगा होत्या आणि शेजारची सीट नुसतीच मळकट होती. हातातलं काम दोन दिवसांचं, पण गाडी नेहमीसारखी वापरायला मिळाली ती आठवड्यानंतर. ज्यांना सोमवारी सकाळी गाडी हवी आहे त्यांनी शनिवारी सुरुवात करू नये.

आधी एक गोष्ट समजून घेतली की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात. गाडीच्या सीटचं लेदर बहुतेक वेळा आरपार रंगवलेलं दिसत असलं तरी आपल्याला दिसणारा रंग हा वर दिलेला एक लवचिक थर असतो. पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन किंवा अॅक्रिलिक, त्यात रंगद्रव्य, आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर. म्हणजे आपण चामड्यात रंग मुरवत नसतो, एका फाटलेल्या पापुद्र्याची दुरुस्ती करत असतो. तो पापुद्रा खाली नीट चिकटला पाहिजे, पातळ राहिला पाहिजे आणि चामड्याबरोबर वाकला पाहिजे. म्हणूनच बुटांचं पॉलिश इथे चालत नाही, ते मेण आहे आणि कपड्यांना लागतं. भिंतीचा किंवा पत्र्याचा रंग चालत नाही, कारण तो वाकत नाही. तेलकट कंडिशनर चोळून रंग परत येत नाही, कारण तेल त्या थराच्या आत जातच नाही. वर चमक येते, चार दिवसांत धूळ धरते आणि पुढे रंग द्यायचा झाला तर तेच तेल आडवं येतं.

आपल्या सीटवर असा थर आहे का, हे पाण्याच्या थेंबाने कळतं. स्वच्छ पुसलेल्या, न घासलेल्या जागी एक थेंब ठेवायचा. मिनिटभर तसाच गोल राहिला तर वर थर आहे. आत शोषला जाऊन गडद डाग पडला तर ते उघडं, म्हणजे अॅनिलीन प्रकारचं लेदर. त्याला ही पद्धत लागू नाही, थर दिला तर त्याचा मूळ मऊपणाच जातो. आणखी एक लक्षात घ्यायचं: ‘लेदर सीट’ म्हणवणाऱ्या बऱ्याच गाड्यांत अंगाला लागणारा भागच लेदरचा असतो; बाजू आणि मागची पाठ रेक्झिनची असते. रेक्झिनवर लेदरचा रंग थेट धरत नाही, आधी चिकटपणा वाढवणाऱ्या प्रायमरचा एक पातळ हात लागतो. आणि कृत्रिम लेदरचे पापुद्रे सोलून खालचं कापड दिसायला लागलं असेल तर रंगाचा विचार सोडून द्यावा. तिथे खालचा थरच कुजलेला असतो, त्यावर दिलेला रंग त्याच्यासोबतच सुटतो. ती सीट नव्या कव्हरची.

स्वच्छतेला अर्धा दिवस गेला, आणि तो जायलाच हवा. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं. कपड्यांची पावडर, भांड्यांचा तीव्र साबण किंवा अमोनियाचं क्लीनर वापरलं तर ते कडक होतं आणि संरक्षक थरही खराब होतो. लेदरसाठीचं सौम्य क्लीनर ब्रशवर घेऊन फेस करायचा आणि फेसानेच घासायचं; पाणी सीटवर ओतायचं नाही. मऊ केसांचा ब्रश, साधारण ३० बाय ३० सेंटिमीटरचा तुकडा, गोल गोल हात, आणि फेस वाळायच्या आत ओल्या मायक्रोफायबर कापडाने उचलून घ्यायचा. मग पुढचा तुकडा. कापड पांढरं घ्या, म्हणजे मळ किती निघतोय ते दिसतं. पहिल्या फेरीत कापड तपकिरी होतं, तिसऱ्या फेरीत जवळपास स्वच्छ राहतं. आमची शेजारची सीट इथेच सुधारली. तिचा रंग उडालाच नव्हता, ती मळलेली होती. सगळी सीट रंगवायचं ठरवण्याआधी ही सफाई करून एक रात्र वाळू द्या. अनेकदा काम निम्म्यावर येतं.

सीट काढायची गरज पडली नाही. सीट पूर्ण पुढे घेतली की मागची बाजू मिळते, पूर्ण मागे घेतली की पुढची कड. काढायचीच असेल तर सीटखाली पिवळ्या आवरणातल्या जोडण्या दिसतील, त्या एअरबॅगच्या. इग्निशन बंद करून, बॅटरीची ऋण बाजू सोडवून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावू नये. न काढताही एक पथ्य पाळायचंच: पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर तिथल्या शिवणीवर लांबी (भेगा भरायची पुट्टी), गोंद किंवा जाड रंग अजिबात नको. ती शिवण अपघातात उसवावी म्हणूनच तशी घातलेली असते.

नंतर पट्ट्याचं कुलूप, प्लॅस्टिकचे भाग, सीटचे लोखंडी रूळ हे सगळं मास्किंग टेप आणि कागदाने झाकलं, आणि तेल काढायला घेतलं. साबणाने मळ जातो, पण वर्षानुवर्षं चोळलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉन जात नाही. ते राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं सोडून बाजूला सरकतो, आणि मग कितीही हात दिले तरी ती भोकं भरत नाहीत. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पांढऱ्या कापडावर घेऊन घासायचं, आणि कापडाची बाजू सतत बदलायची. एकाच कापडाने पुसत राहिलं तर तेल काढलं जात नाही, नुसतं पसरतं. जिथे जुना संरक्षक थर संपला आहे तिथे कापडावर थोडा रंगही येतो. घाबरायचं कारण नाही, उलट कुठे जास्त काम आहे ते त्यावरूनच कळतं. काही जण अॅसिटोन वापरतात. त्याने काम लवकर होतं, पण एक थेंब जरी प्लॅस्टिकवर पडला तरी डाग कायमचा.

मग पॉलिश पेपर. अख्ख्या सीटवर ६०० नंबर, हलक्या हाताने. रंग खरवडून काढायचा नाही, फक्त चकाकी मारायची. सगळीकडे सारखा मंदपणा आला की थांबायचं. घासून गेलेल्या भागाची कड मात्र ४०० नंबरने आधी उतरती करून घ्यावी लागते. जुना रंग जिथे संपतो तिथे बारीक पायरी असते. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवा. पायरी बोटाला लागली तर रंगाखालीही दिसणार, कारण पुढचे सगळे हात इतके पातळ आहेत की ते काहीच झाकत नाहीत. शिवणीवरून पेपर फिरवू नका, दोरा झिजतो. घासून झाल्यावर धूळ पुन्हा अल्कोहोलने पुसायची. इथून पुढे हातमोजे घातल्याशिवाय सीटला हात लावायचा नाही. बोटांचं तेलही पुरेसं नडतं.

उघड्या पडलेल्या भागाला आधी बाइंडर पाजावा लागतो. हे दुधासारखं पातळ द्रव असतं. चामड्याचे सुटे झालेले तंतू ते आतून बांधून घेतं. स्पंजने चोळायचं, हेअर ड्रायरने वाळवायचं, पुन्हा चोळायचं. आमच्या दाराकडच्या उंचवट्याने चार हात घेतले. पहिल्या दोन वेळा लगेच शोषलं गेलं, चौथ्या वेळी वरच राहायला लागलं, म्हणजे पुरे. वाळल्यावर तंतू ताठ होऊन खरखरीत लागतात, ते ६०० नंबरने कापून टाकले की पृष्ठभाग गुळगुळीत होतो. ही पायरी गाळून थेट रंग दिला तर त्या जागी रंग आत ओढला जातो आणि तेवढाच भाग मखमलीसारखा आणि गडद दिसत राहतो.

भेगांसाठी लेदरची लवचिक लांबी मिळते. भिंतीची किंवा पत्र्याची लांबी पहिल्या बसण्यातच तुकडे होऊन बाहेर पडते. पातळ सुरीने भेगेला आडवी ओढत भरायची आणि भरताना दुसऱ्या हाताने सीट दाबून भेग किंचित उघडी ठेवायची. मिटलेली भेग भरली तर माणूस बसल्यावर ती लांबीच्या शेजारून पुन्हा उघडते. एका वेळी अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नको. ही लांबी पाण्यातली असते, वाळताना आकसते, म्हणून पहिल्या हातानंतर खड्डा राहणारच. आम्ही तीन ते पाच हात दिले, मध्ये प्रत्येक वेळी वाळवून ४०० आणि शेवटी ६०० नंबर. फार गुळगुळीत झालेला ठिपका मात्र रंगानंतर डोळ्यांत खुपतो, कारण आजूबाजूला चामड्याचे दाणे असतात. शेवटचा हात ओला असतानाच त्यावर खरबरीत स्पंज टिपला की दाण्यांसारखा पोत येतो.

वाळवायला हेअर ड्रायरच वापरा, हीट गन नको. तिच्याने लेदर आकसतं आणि सीटमध्ये गरम करणारी जाळी किंवा माणूस बसल्याचा सेन्सर असेल तर तोही जाऊ शकतो. ड्रायरच्या झोतात आपला हात जिथे सहज ठेवता येतो, तेवढंच अंतर सीटला.

रंग जुळवणं हा या कामाचा सगळ्यात चिकाटीचा आणि, मला वाटतं, सगळ्यात आनंदाचा भाग. पहिला प्रश्न: कुठल्या रंगाशी जुळवायचं? हेडरेस्टच्या खाली किंवा सीटच्या बुडाला दुमडलेला लेदरचा तुकडा ऊन न लागल्यामुळे अजून मूळ रंगाचा असतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर अनेकदा आतल्या साजाचा कोडही असतो आणि त्यावरून तयार रंग मागवता येतो. पण फक्त पुढच्याच सीट रंगवायच्या असतील तर मूळ रंग म्हणजे चूक ठरते. मागची सीट आणि दाराचे पॅड आज जसे आहेत तशाशी जुळवलं पाहिजे, नाहीतर नवी सीट दुसऱ्या गाडीतून आणल्यासारखी दिसते. आम्ही आधी स्वच्छ केलेल्या मागच्या सीटशी जुळवलं.

बेज म्हणजे बहुतांश पांढरा, त्यात पिवडी, आणि काळा व गेरू थेंबाथेंबाने. आधी ३० ग्रॅमच बनवायचा, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, आणि प्रत्येक थेंबाची नोंद कागदावर. काळा सरळ बाटलीतून टाकू नका. एका जास्तीच्या थेंबाने सगळं राखाडी होतं आणि ते उलटवायला दुप्पट पांढरा लागतो. काळा थोड्या पांढऱ्यात आधी मिसळून घेतला की हातात राहतो. रंग हिरवट वाटला तर गेरू, फार गुलाबी झाला तर पिवडी. ओला रंग नेहमी फिकट दिसतो, कारण त्यातला बाइंडर दुधाळ असतो. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि रंग एक पायरी गडद होतो. म्हणून भांड्यातला रंग सीटशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. बोटभर ठिपका सीटवर लावायचा, ड्रायरने वाळवायचा, बघायचा, आणि लगेच अल्कोहोलच्या कापडाने पुसायचा. बघायचं ते दिवसाच्या सावलीत, आणि एकदा उन्हातही. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेला रंग बाहेर वेगळा दिसू शकतो, कारण दोन्हीकडची रंगद्रव्यं वेगळी असतात आणि वेगवेगळ्या प्रकाशाला वेगवेगळी वागतात. आमचा रंग नवव्या खेपेला बसला.

प्रमाण ठरलं की लागणारा सगळा रंग एकाच वेळी मिसळायचा. एका पुढच्या सीटला १०० ते १५० मिलिलिटर लागतो, दोन्हींना मिळून ३०० धरावा. मध्येच संपला तर दुसरी खेप तंतोतंत तशीच निघत नाही. तयार रंग बारीक जाळीतून गाळून घ्या.

पहिले दोन हात स्पंजचे, कारण चोळल्याने रंग सुरकुत्यांत आणि दाण्यांच्या तळाशी जातो, फवाऱ्याने तो फक्त वर बसतो. पाच सेंटिमीटरचा बारीक छिद्रांचा स्पंज, त्यावर चमचाभर रंग. गोल चोळून शेवटी एका दिशेने हलकं ओढायचं. घड्या आणि शिवणीलगतच्या खाचा हाताने ताणून उघड्या करायच्या, नाहीतर माणूस उठला की तिथे जुन्या रंगाच्या रेषा दिसतात. पाइपिंगला, म्हणजे शिवणीवरच्या गोल कडेला, बारीक ब्रश. वेगळ्या रंगाचा दोरा असेल तर रंग ओला असतानाच कापसाच्या काडीने दोरा पुसत जायचं. वाळल्यावर तो साफ होत नाही.

पहिल्या हातानंतर सीट भयंकर दिसते. ढगाळ, ओरखड्यांची, खालचा रंग डोकावणारी. इथेच हात जड होतो. तो होऊ देऊ नका. जाड हाताची साय वरून वाळते, आत ओल राहते, आणि असा थर वाकताना रबरासारखा सोलला जातो. दोन हातांत १५ ते २० मिनिटं आणि मध्ये ड्रायर, बोट लावल्यावर गार लागायचं थांबेपर्यंत. गार लागतंय म्हणजे अजून पाणी उडतंय. हवा १५ अंशांच्या खाली असेल किंवा पावसाळी दमट असेल तर हे काम पुढे ढकललेलं चांगलं, थर नीट बांधला जात नाही.

दुसरा स्पंजचा हात वाळला की थांबून एक परीक्षा घ्यायची. बुडाजवळच्या कोपऱ्यात सेलोटेप दाबून लावायची आणि झटक्यात ओढायची. टेपला रंग आला तर खाली तेल राहिलं आहे. अशा वेळी वर आणखी हात देणं म्हणजे नुकसान वाढवणं; तो भाग अल्कोहोलने धुऊन, घासून, पुन्हा सुरू करायचा.

पुढचे तीन हात फवाऱ्याचे दिले. ०.८ मिलिमीटरचं नोझल, साधारण २ बार दाब, १५ ते २० सेंटिमीटर अंतर, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. रंगात ५ ते १० टक्के स्वच्छ पाणी. धुकं बसल्यासारखा रंग बसला पाहिजे. सीट ओली चकचकली तर जास्त झाला. फार जवळून मारला तर ओघळतो आणि दाणे भरून जातात, फार लांबून मारला तर हवेतच वाळून पिठासारखा खरखरीत बसतो. कॉम्प्रेसर नसेल तर स्पंजनेही पूर्ण होतं. फक्त शेवटचे दोन हात जवळजवळ कोरड्या स्पंजने टिपून द्यायचे, ओढायचे नाहीत. छिद्रांच्या सीटवर तर कायम तसंच, नाहीतर भोकं बुजतात. बुजलेली भोकं रंग कच्चा असतानाच सुईने उघडावी लागतात, एकेक.

रंगापेक्षा टिकाऊपणा ठरतो तो वरच्या पारदर्शक थरावर. मॅट हवा की मंद चमकीचा, ते मागच्या सीटकडे बघून ठरवा. कारखान्याचे थर बहुधा आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त मॅट असतात. मॅटची बाटली वापरण्याआधी दोन मिनिटं हलवा. मॅट करणारी पूड तळाशी बसते, आणि न हलवता मारलेला थर आधी चकचकीत आणि शेवटी पांढरट निघतो. यात क्रॉसलिंकर, म्हणजे थर आतून घट्ट बांधणारं रसायन, मिसळायचा, बाटलीवर लिहिलंय तितकाच. आमच्यावर १०० मिलिलिटरला ५ मिलिलिटर होतं. जास्त घातला तर थर कडक होऊन घडीवर तडकतो. मिसळलेलं त्याच दिवशी संपवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. हा क्रॉसलिंकर त्वचेला आणि फुप्फुसाला वाईट आहे: नायट्राईलचे हातमोजे, गाडीची सगळी दारं उघडी, आणि वाफ अडवणारा फिल्टर असलेला मास्क. धुळीचा साधा मास्क इथे पुरत नाही. चार पातळ हात दिले, दाराकडच्या उंचवट्यावर पाचवा.

२४ तास कोणी बसलं नाही. मग आठवडाभर जपून: बसताना घसटत आत जायचं नाही, ओलं कापड लावायचं नाही, आणि नव्या जीन्स घालून तर अजिबात बसायचं नाही. कच्चा थर तिची नीळ ओढून घेतो आणि ती परत सोडत नाही. पहिल्या दिवशी उंचवटा दाबल्यावर घडीत पांढरी रेघ उमटली तर तिथे थर जाड झाला आहे असं समजा. ती जागा भेगाळणार. वेळीच ६०० नंबरने पातळ करून रंगाचा आणि वरच्या थराचा एकेक हात पुन्हा द्यावा.

कापडी सीटचं विचाराल तर ही वाट तिथे नेत नाही. गाडीतलं कापड बहुतेक पॉलिएस्टर असतं, आणि पॉलिएस्टरला त्याच्यासाठीचे डिस्पर्स रंग धरायला उकळत्या पाण्याइतकी किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. सीटवर बसवलेल्या कापडाला ती देता येत नाही. सुती कपड्यांचे रंग त्यावर धुऊन जातात, आणि फॅब्रिक पेंटने कापड पुठ्ठ्यासारखं होतं. फवारून लगेच ओढून घेणाऱ्या मशीनने मळ काढणं, आणि तरीही विटकं दिसलं तर कव्हर, एवढंच तिथे करता येतं.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, प्रमाणाच्या कागदासह ठेवला आहे. देखभाल म्हणून दोन-तीन महिन्यांनी सौम्य क्लीनरचा फेस, एवढं पुरतं. झिजायला सुरुवात पुन्हा दाराकडच्या उंचवट्यावरच होणार. तिथली मॅट छटा आजूबाजूपेक्षा तुकतुकीत दिसायला लागली की वरचा थर पातळ झाला आहे. रंग उघडा पडायच्या आत तेवढाच भाग अल्कोहोलने पुसायचा, ६०० नंबरचा हलका हात मारायचा आणि पारदर्शक थराचे दोन हात द्यायचे. ते तासाभराचं काम आहे.